बेकुमामा

सोमवारी सकाळी ऑफिसात गेले, डबा ड्रॉवरात ठेवला, काम्प्युटर चालू केला आणि बघते तर काय, त्यानं तोंडच बदललं होतं. खालची पट्टी मधोमध सरकलेली, माझ्या फाइली कुठल्या कुठं गेलेल्या आणि कोपऱ्यात कुणीतरी न बोलावलेला मदतनीस उभा राहून विचारतोय, मी तुमची काय मदत करू? अरे बाबा, आधी तू बाजूला हो, हीच मदत! शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अपडेट आलं असेल गं. दोन दिवसांत सवय होते."

सवय होते, हे खरं आहे. मला आजवर कशाकशाची सवय झाली ती यादी काढायला बसले तर डबा खायचा राहील. पण त्या दिवशी माझं डोकंच फिरलं, आणि रागामागोमाग बेकुमामा आठवले. बेळगावात चौथ्या मजल्यावर बसून मला जोयड्याच्या रानातल्या एका म्हाताऱ्याची आठवण येत होती, ज्यानं जन्मात कुणाच्या मशीनला त्याला विचारल्याशिवाय हात लावला नाही. आणि ज्याचा एक प्रश्न माझ्याकडं राहून गेला होता.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आमच्याकडं ज्याला कुठलंच नातं लागत नाही तो मामा होतो. नंदिगड्ड्याच्या पुढं डांबर जिथं संपतं तिथून अर्ध्या तासाच्या पायवाटेवर आमची वाडी. मामा तिथलेच. तरुणपणी दांडेलीला एका कारखान्यात वीजमिस्त्री म्हणून गेले, आणि निवृत्त होऊन परतले ते जीपभर भंगार घेऊन. कुठल्या कुठल्या ऑफिसांनी टाकून दिलेले काम्प्युटर. मामींनी कपाळाला हात लावला. "लोक रिटायर होऊन येताना बायकोला दागिना आणतात. ह्येंनी धा टीव्ही आणल्या, आणि एकातबी चित्र न्हाई!" असं त्या पुढं वर्षभर येईल त्याला सांगायच्या.

बेकु म्हणजे कन्नडमधे पाहिजे. बेडा म्हणजे नको. आमच्या बोलण्यात मराठी कुठं संपते आणि कन्नड कुठं सुरू होते हे आमचं आम्हालाच ठाऊक नसतं. मामांची तर सगळी जिंदगी या दोन शब्दांवर चाललेली. पाणी द्यायचं तर, "बेकु का बेडा?" छत्री द्यायची तर, "बेकु का बेडा?" आपण काहीही म्हणा, ते एकाच सुरात म्हणायचे, "आयतु." म्हणजे झालं, ठरलं. त्या आयतुत खुशी नसायची, नाराजी नसायची. तुमचं तुम्ही ठरवलंत, मी ऐकलं, एवढंच.

त्यांच्या घरचा चहा तालुक्यात कुठं मिळाला नसता. चहाचं उकळलेलं पाणी एका भांड्यात, दूध दुसऱ्यात, गूळ वेगळा, साखर वेगळी, आलं किसून बशीत. आणि मधे रिकामा कप. "तुझा तू जोड," म्हणायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा घाबरून नुसतं दूधच प्यायले. मामी आतून ओरडल्या, "अहो, पाव्हण्याला चहा बी सुटा देता, लाज हाय का न्हाई?" मामा शांतपणे म्हणाले, "तिला गोड किती लागतंय ते मला काय ठावं?"

त्यांच्या शर्टाला पाच बटणं पाच रंगांची. एक तुटलं की जे हाताला लागेल ते लावायचं, बाकीची चार कशाला काढायची, असा हिशेब. सायकलचं पुढचं चाक एका कंपनीचं, मागचं दुसरीचं, सीट चिंचेच्या लाकडाची. उळवीच्या जत्रेला ती सायकल घेऊन गेले की पोरं मागं लागायची. मामांना वाटायचं कौतुकच चाललंय.

मी दांडेलीत बी.कॉम. करून घरी परतले होते आणि नोकरीविना दोन वर्षं आईच्या डोळ्यांत खुपत होते. मामांनी देवळामागची भात ठेवायची जुनी खोली मागून घेतली होती आणि तिथं ते दहा काम्प्युटर मांडले होते. एक दिवस वाटेत आडवे आले. "बाय, पोरांना शिकवायला येतीस? बेकु का बेडा?"

मी फटकन म्हटलं, "बेडा." त्या भंगारात कोण जातंय!

"आयतु," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. तोच प्रश्न, तेच शब्द. जसं काही काल भेटलोच नव्हतो. मला हसू फुटलं आणि मी बेकु म्हणून बसले. नंतर विचारलं, मामा, दोनदा का विचारलंत? तेव्हा त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला.

"जेवायला बसलेला माणूस पयल्यांदा नकोच म्हणतोय का न्हाई? म्हणून काय भात वाढायचा न्हाई? पयलं नको हे तोंडाचं असतंय. दुसरं नको पोटाचं. 'बेडा' आलं की एक रात जाऊ द्यायची आणि दुसऱ्यांदा इचारायचं. मग आलं बेडा तर बेडा. तिसऱ्यांदा इचारायचं न्हाई, ती जबरदस्ती."

"आणि बेकु म्हटलं तर?"

"त्येला एकदाच. दोनदा इचारलं तर माणूस बिचकतोय."

मामींनी पुढं कधीतरी भाकऱ्या थापताना मला सांगितलं, की मुलगी बघायला आले तेव्हाही मामांनी हेच केलं होतं. सगळे मोठे लोक ओटीवर बसून ठरवाठरवी करताहेत आणि हा नवरामुलगा सरळ चुलीपाशी येऊन मुलीलाच विचारतो, बेकु का बेडा? "मी बेडाच म्हटलं," मामी म्हणाल्या. "कुणी इचारलंच नव्हतं कधी, मग काय म्हणायचं त्ये कुठं ठावं? दुसऱ्या दिवशी सात कोस चालत परत आले की गं. दुसऱ्यांदा इचाराया." हे सांगताना मामींची भाकरी करपली.

तर खोली. त्या जुन्या मशीनांवर बाजारातली नेहमीची सिस्टीम चालतच नव्हती, जड व्हायची. मामांनी कुठून तरी लिनक्स शिकून घेतलं होतं. जगभरच्या माणसांनी मिळून केलेली मोकळी सिस्टीम, कुणीही उघडून बघावी, सुटी करावी, नको ते काढून ठेवावं आणि पाहिजे ते जोडावं. हे असं पुस्तकी मी सांगतेय. मामा खोलीत आलेल्याला भिंतीला टेकवलेला नांगर दाखवायचे.

"ह्यो फाळ. झिजला तर फाळ बदल, नांगर कशाला टाकतोस? ही हाळीस, जुवापातूर जाणारा दांडा, बैल बघून लांब-आखूड घ्यायची. आणि ह्ये रुमणं. ह्येला हात धरायचा. रुमणं तुझ्या उंचीचं पायजे, माझ्या न्हाई. दुसऱ्याच्या उंचीचं रुमणं धरून नांगरलंस तर सांच्याला कंबर कुणाची धरंल?" आणि मग डोळे बारीक करून, "आणि नांगर केला म्हणून सुतार रोज शेतात येऊन तुला न इचारता रुमणं बदलून जातोय काय?"

त्या सोमवारी मला हेच आठवलं होतं. सुतार येऊन गेला होता.

एकदा आमच्याच वाडीतल्या एका काकांनी शंका काढली. फुकट कोण कशाला देईल, ह्यात कायतरी डाव असणार. मामांनी आमच्याकडच्या 'कोन' नावाच्या कंदाचं काढलं. म्हणाले, "तुमच्या परसात कोनाचे कंद हायत, त्येचं बियाणं कुठनं आणलंसा?"

"अणशीच्या मावशीकडनं."

"किती पैसे दिलंसा?"

"बियाण्याला कोण पैसं घेतंय!"

"आणि तुमच्याकडं कुणी मागितलं तर?"

"द्यायचंच की. न्हाई म्हटलं तर पुढल्या साली आपलं कुजतंय."

"मग हे बी त्येच. त्येंनी दिलं, आपण लावलं, कुणी मागितलं की द्यायचं." काका टोपी सारखी करून उठले. डावाची शंका पुरती गेली नसावी.

मशीन तयार करताना मामांनी स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम चालायचा. त्यात चाळीस-एक प्रश्न. काळ्या पडद्यावर एकेक ओळ यायची. अक्षरं मोठी, बेकु का बेडा? आवाज, बेकु का बेडा? घड्याळ? खेळ? कन्नड अक्षरं, मराठी अक्षरं, दोन्ही? उत्तर द्यायला दोनच बटणं. बेकुच्या बटणावर मामींची हिरवी टिकली चिकटवलेली, बेडाच्या बटणावर लाल. मामी म्हणायच्या, माझ्या टिकल्यांची पाकिटं हल्ली मशीनंच लावतात.

त्यामुळं आमच्या खोलीत एकासारखं दुसरं मशीन नव्हतं. कुणाचं पान डावीकडून उघडायचं, कुणाचं उजवीकडून. एका आजींचं मशीन फक्त गोव्यात गेलेल्या लेकाचे फोटो दाखवायचं, बाकी काही नाही. आणि रामा गावडा! हा म्हातारा रानात मध काढणारा. हौस म्हणून येऊन बसला आणि पहिल्या प्रश्नापासून लाल टिकलीवर बोट. आवाज बेडा, चित्र बेडा, अक्षरं बेडा. मामांनी दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणं चाळीसच्या चाळीस प्रश्न परत विचारले, त्यानं चाळीस वेळा परत बेडा म्हटलं. शेवटी पडद्यावर काय उरलं? काळोख आणि एक लुकलुकणारी रेघ. मी म्हटलं, मामा, हा काय चावटपणा? मामा गंभीरपणे म्हणाले, "आयतु. त्येचं मशीन तयार हाय." आणि रामा गावडा दर रविवारी येऊन त्या रेघेपुढं घटकाभर बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "बेस हाय. काय मागत न्हाई, काय सांगत न्हाई."

माझं मशीनही मी चाळीस प्रश्नांतून केलं होतं. पडदा भाताच्या तरव्याचा, तो कोवळा हिरवा. अक्षरं ठसठशीत. आवाज नको, पण चालू होताना एकदाच धनेश पक्ष्याच्या पंखांचा सूं-सूं आवाज, जो मामांनी रानात जाऊन माझ्यासाठी टिपून आणला. त्यानंतर मी पाच-सहा मशीनांवर कामं केली, पैकी एकालाही मी माझं म्हटलं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. या सिस्टीमींना सुरू होताना काय उघडायचं त्याची यादी येते आणि दहा सेकंद मोजले जातात. आपण काही निवडलं नाही तर मशीन आपलं आपण ठरवतं. हे मामांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते एवढे चिडले की जेवले नाहीत. "दहा सेकंद? दहा सेकंदात म्हस बी ठरवत न्हाई कुठल्या अंगानं उठायचं!" त्यांनी दहाही मशीनांवरची ती मोजणी काढून टाकली. आमची मशीनं थांबायची. उत्तर येईपर्यंत थांबायची. पावसाळ्यात दिवसातून आठ वेळा वीज जायची, परत यायची, आणि परत आली की दहाही पडदे उजळून यादी दाखवत चुपचाप बसून राहायचे. कुणी वाटेनं जाणारा डोकावला तर त्याला वाटावं, पंगत बसलीय आणि वाढप्याची वाट बघतेय.

यातच घोळ झाला.

माझी धाकटी बहीण मंजुळा. आमच्या खोलीतली सगळ्यात हुशार पोर. सतराव्या वर्षी मशीन खोलून परत जोडायची. एका खासगी संस्थेत दोन वर्षांचा कोर्स होता, जागा थोड्या, त्यासाठी काम्प्युटरवर तासाभराची परीक्षा. मंजीला ती जागा मिळाली असती तर आमच्या घरातली ती शिकून बाहेर पडणारी दुसरी मुलगी झाली असती, आणि आईनं तिचं लग्न दोन वर्षं पुढं ढकलायचं कबूल केलं होतं. पास नाही झाली तर पाहुणे तयारच होते. मीच तिला घेऊन गेले. बाहेर बाकावर बसून मी देवाचं नाव घेत होते.

तासानं मंजी बाहेर आली. तोंड पांढरं. तिच्या पेपरात एकही ओळ नव्हती.

"काय झालं गं?"

"अक्का, त्यानं इचारलंच न्हाई."

मला कळेना. मग हळूहळू कळलं. तिथलं मशीन चालू झालं, आपलंआपण खिडक्या उघडत गेलं, आपणच कुठं तरी जाऊन थांबलं. मंजी हात मांडीवर ठेवून बसली, ते तिला काय पाहिजे ते विचारेल म्हणून. न विचारता कुणाच्या वस्तूला हात लावायचा नाही ही आमच्या घरची शिस्त, आणि विचारल्याशिवाय मशीन काही करत नाही ही मामांची. पन्नास-पंचावन्न मिनिटं पोर तशी बसून होती. देखरेख करणाऱ्या बाईंना वाटलं हिला काही येतच नाही. मंजीनं शेवटी त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, वेळ संपत आली.

येताना एसटीत मंजी रडली नाही. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "मामांना सांगू नको." पण मी कसली ऐकते! उतरले ती तडक खोलीत. मामा कुठलासा कीबोर्ड धुऊन उन्हात वाळवत होते. मी तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं झालं म्हटलं. बाहेरचं जग कुणाला विचारत नाही, आणि तुम्ही आमच्या पोरांना विचारण्याची वाट बघायला शिकवलंत म्हटलं. बापाच्या वयाच्या माणसाला मी त्या दिवशी जे बोलले ते आज लिहितानाही लाज वाटते.

मामा खाली बसले. बराच वेळ त्यांनी हातातलं एक बटण पुसलं. मग म्हणाले, "खरं हाय तुझं. ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई." बस्स. भांडायला समोर कुणी उरलंच नाही.

महिन्याभरात शहरातल्या एका दानशूर मंडळाचे लोक आले. खोलीला दहा नवीन काम्प्युटर देणार होते. पातळ, चकचकीत, सगळे सारखे. आतलं काही काढायचं नाही, घालायचं नाही, उघडायचं तर नाहीच नाही. अट एकच, जुनी मशीनं खोलीतून काढायची, एका खोलीत दोन पद्धती नकोत. मामांनी देवळापुढं लोक जमवले. त्यांनी ठरवलं असतं तर तिथल्या तिथं नाही म्हणता आलं असतं, खोली त्यांच्याच ताब्यात होती. पण त्यांनी नियम मोडला नाही. म्हणाले, "शिकवणारी ही हाय, आणि झळ हिच्या घराला लागलीया. मी हिलाच इचारतो." आणि माझ्याकडं वळून, त्याच सुरात, "बाय, आपली मशीनं. बेकु का बेडा?"

मंजी माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "बेडा."

"आयतु," मामा म्हणाले.

नियमाप्रमाणं दुसऱ्या दिवशी ते परत विचारतील हे मला ठाऊक होतं. खरं सांगू? रात्रभर मी त्याचीच वाट बघत होते. राग ओसरला होता. मी मनाशी म्हणत होते, की थोडी नवी घेऊ, थोडी जुनी ठेवू, त्या लोकांना विनवून बघू, असं काहीतरी म्हणेन. पण सकाळी उजाडलं ते मंडळाच्या गाडीच्या भोंग्यानंच. नवी मशीनं उतरायला लागली. मामा आपली एकेक उचलून बाहेर आणत होते. माझं मशीन घेऊन माझ्यापाशी थांबले. "बाय, एक इचा—" एवढं म्हणाले आणि मी तोंड फिरवलं. लोक बघत होते. मला रडायला येत होतं आणि ते कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. मामा मशीन घेऊन घराकडं गेले.

माझं उत्तर चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आईनं पाहुण्यांना एक वर्ष थांबवलं, मंजी नव्या मशीनवर शिकली, पुढच्या वर्षी पास झाली, आता हुबळीला नोकरी करते आणि नवऱ्याला धाकात ठेवते. ते मंडळही वाईट नव्हतं, त्यांनी दिलं ते मनापासून दिलं. पण खोली बदलली. पोरं आता 'माझं मशीन' म्हणत नव्हती, 'तीन नंबर', 'सात नंबर' म्हणायची. रामा गावडा एकदा आला, चकाकत्या पडद्यापुढं पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "ह्ये लई बोलतंय." परत आला नाही. तीन-चार पावसाळ्यांनी ती मशीनंच सांगायला लागली की आम्ही आता जुनी झालो, नवीन घ्या. उघडून बघायची सोय नव्हती. आज त्या खोलीत सुपारीची पोती आहेत.

मी मात्र हे बघायला तिथं नव्हते. त्याच वर्षी मला बेळगावात नोकरी लागली. रामनगरला गाडी बदलून सणावाराला घरी जायचे, पण मामांच्या अंगणाला वळसा घालून. त्यांनी एकदा मंजीकडं निरोप दिला, "अक्काला सांग, एक इचारायचं राहिलंय." मला वाटलं, जुनं उगाळतील. मग वाटलं, पुढच्या खेपेला जाऊ. पुढच्या खेपेच्या किती खेपा झाल्या ते माझं मलाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यात मामा गेले. बाराव्याला मी गेले होते, पण माणसांच्या गर्दीत मामींचे हात हातात घेतले तेवढंच.

तर त्या सोमवारी ऑफिसातल्या मशीनचा राग आला आणि रविवारी मी गावाकडच्या गाडीत बसले. वळसा घातला नाही. सरळ अंगणात गेले.

मामी सुपारी सोलत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आलीस व्हय? बरं झालं बाई. तुझं ते आत हाय बघ. मला आता कट्टाळा आलाय त्येचा."

माजघरात, देव्हाऱ्याच्या बाजूच्या फळीवर माझं मशीन होतं. चालू.

"करंट आला की ते आपलं आपण जागं हुतंय," मामी मागून म्हणाल्या, "आणि तेच एक दाखवत बसतंय. मला वाचाया येत न्हाई. मंजी म्हणाली हुती, मामी, बंद करते. मी म्हटलं, हात लावू नको. ह्येंनी सांगून ठेवलंय, जिचं हाय तिनं उत्तर दिल्याबिगर बंद करायचं न्हाई."

पडदा हिरवा होता. भाताच्या तरव्याचा, तोच. वर माझी ती ठसठशीत अक्षरं.

"बाय, त्या दिवशी एकदाच विचारलं. गाडी आली आणि दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं. चूक माझी. मंजुळाचीही माझीच. आता विचारतो. आपली मशीनं, बेकु का बेडा? घाई नाही."

खाली रेघ लुकलुकत होती. दहा सेकंदांची मोजणी कुठं नव्हती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मी अंगणाला वळसा घालत होते त्या सगळ्या दिवाळ्यांना, गणपतीला, हे इथं या फळीवर मला विचारत बसलं होतं. मामा होते तेव्हाही विचारत होतं आणि गेले त्यानंतरही. त्यांना मला बोल लावायचा नव्हता. त्यांना फक्त भात दुसऱ्यांदा वाढायचा होता.

हिरव्या टिकलीचा रंग उडाला होता, पण ती होती. मी तिच्यावर बोट ठेवलं.

पडद्यावर एकच शब्द आला. "आयतु."

लाल टिकलीवर बोट ठेवलं असतं तरी हाच शब्द आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मला रडू आवरेना. मामींनी मला रडू दिलं. सुपारीचे हात पदराला पुसत जवळ आल्या.

"काय म्हणालं गं ते?"

"आयतु म्हणालं, मामी."

"व्हय?" त्या पडद्याकडं बघत राहिल्या. "मग आता बंद करू या?"

"नको."

मामी चुलीपाशी गेल्या, लाकडं सारखी केली, आधण ठेवलं. पाणी उकळायला लागलं तशी तिथूनच, वळून न बघता, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"बंद करायचं. बेकु का बेडा?"

"बेडा," मी म्हटलं.

"आयतु," म्हणाल्या, आणि दूध एकीकडं, गूळ एकीकडं, आलं बशीत, आणि मधे रिकामा कप, असं माझ्यापुढं मांडायला लागल्या.